घरचे म्हणण्याआधी

सांगली

चि. अनघास अनेक आशीर्वाद.

दाजींनी शिरोलीच्या मशीन शॉपचा कारभार तुझ्या हाती दिल्याचं ताईकडून कळलं. फार बरं वाटलं. ड्रॉइंग, मशीन, कोटेशन यांत मी तुला काय शिकवणार? पण तीसेक माणसं हाताखाली आली आहेत, त्यांच्याबद्दल थोडं लिहितो.

आपल्याकडं प्रत्येक मालक सांगतो, 'आमचे कामगार म्हणजे घरचीच माणसं.' तू निदान वर्षभर तरी हे बोलू नकोस. घरचा म्हटला की त्याला रात्री उशिरापर्यंत थांबवताना आपल्याला काही वाटत नाही, आणि जादा तासांचे पैसे मागताना तो मात्र अवघडतो. आधी हिशोब चोख ठेव. जिव्हाळा त्याच्या मागून येतो.

समजा, एका टर्नरचा पगार 20,800 आहे. 26 दिवसांनी भागलं की रोजचे 800, आठ तासांच्या पाळीत तासाला 100. कारखान्यात जादा तासाला कायद्यानं दुप्पट, म्हणजे 200. महिन्यात वीस तास जादा भरले तर 4,000. ही रक्कम पगाराच्या स्लिपवर वेगळ्या ओळीत दिसू दे, 'इतर'मध्ये कोंबू नकोस. पगार सात तारखेच्या आत, पीएफचा भरणा पंधराच्या आत. पार्टीचं पेमेंट अडकलं, ही अडचण बँकेत जाऊन सांग, कामगाराला नको.

सगळ्यात जास्त कुरबुर होते ती उचलीवरून. एकाला लग्नासाठी पन्नास हजार दिले आणि दुसऱ्याला दवाखान्यासाठी दहा, तर तुझ्यापाशी कारण असेलही, पण चहाच्या सुट्टीत त्याची वेगळीच चर्चा होते. किती वर्षं झालेल्याला किती, हप्ता केवढा, जुनी फिटल्याशिवाय नवी नाही, हे लिहून बोर्डावर लाव. म्हणजे उचलीसाठी कुणाला तुझ्या पुढंपुढं करावं लागणार नाही.

जॉब रिजेक्ट झाला तर मशीनपाशी, चारचौघांत आवाज चढवू नकोस. केबिनमध्ये बोलाव, जॉब आणि ड्रॉइंग समोर ठेव, आणि आधी त्याला बोलू दे. कधी टूल झिजलेलं निघतं, कधी ऑफिसनंच ड्रॉइंगची जुनी प्रत खाली पाठवलेली असते. खरंच गैरवर्तन असेल तर लेखी नोटीस, त्याचा खुलासा, चौकशी आणि मग निर्णय. रागाच्या भरात 'उद्यापासून येऊ नको' म्हणालीस तर ते लेबर कोर्टात अंगाशी येईल, आणि मागं राहिलेलेही मनातून धसका घेतील.

जुने मिस्त्री तुला लहानपणापासून ओळखतात, ते 'बाळ' म्हणतील. म्हणू दे. तू त्यांना अहो-जाहोच कर, पण हजेरीचा नियम त्यांनाही तोच. आणखी एक नियम: दहा किंवा जास्त माणसं असली की 2013 च्या कायद्यानं महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते. मालकीण बाई आहे म्हणून ती टळत नाही.

याचा अर्थ कोरडी वाग असा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कुंडल रोडच्या माळावर कारखाना उभारला, तेव्हा शिक्षा भोगून आलेल्या माणसांना पहाऱ्यावर नेमलं होतं. विश्वास दाखवायचा तर असा, जबाबदारी सोपवून. तुझ्याकडं चांगला हेल्पर असेल तर त्याला सेटिंग शिकव, आणि शिकला की पगार वाढव. नुसती पाठ थोपटून त्याचं घर चालत नाही.

आता लगेच करायचं ते सांगतो. बोनस कायद्यानं किमान 8.33 टक्के. त्यावर किती देणार, ते दसऱ्यालाच जाहीर कर आणि वसुबारसेच्या आत खात्यावर टाक. यंदा किमानाच्या वर जमणार नसेल तर तेही दसऱ्यालाच, ताळेबंद समोर ठेवून सांग. कामगाराला बाजारहाट ठरवायला वेळ लागतो.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा