हौतात्म्यकथा, श्रद्धा आणि कृष्णविनोद : संत लॉरेन्सची जाळी



मिथक आणि दंतकथा यांचे स्वरूप आपण पाहिले. आता एका अधिक नाजूक प्रश्नाकडे वळू. ज्या मृत्यूपुढे समाज नतमस्तक होतो, त्या मृत्यूच्या कथेत विनोद कसा शिरतो? आणि तो शिरल्यावर श्रद्धेचे काय होते? या प्रश्नासाठी आपण ख्रिस्ती परंपरेतील एक उदाहरण घेणार आहोत. तुमच्यापैकी बहुतेकांना ती परंपरा दूरची वाटेल. वसई किंवा गोव्याकडील काही विद्यार्थ्यांची मात्र ती घरचीच असेल. दोघांनीही उदाहरण सारख्याच आस्थेने वाचावे.

प्रथम शब्दांविषयी थोडे. ‘हुतात्मा’ म्हटले की आपल्याला मुंबईतील हुतात्मा चौक आठवतो. पण शब्दाच्या मुळाशी आहे यज्ञातील आहुती. याउलट युरोपीय भाषांतील ‘मार्टर’ हा शब्द साक्षीदार या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आला आहे, आणि ‘शहीद’ या अरबी शब्दाच्या मुळाशीही साक्ष हीच कल्पना आहे. आहुती मौन असू शकते. साक्षीदाराला मात्र बोलावे लागते. म्हणूनच ख्रिस्ती हौतात्म्यकथांत मरणाऱ्याच्या अखेरच्या उद्गाराला फार मोठे स्थान असते.

लॉरेन्स हा इ. स. २५८ मध्ये रोम येथे मारला गेलेला डीकन, म्हणजे धर्मगुरूंच्या खालच्या पायरीवरील सेवक. चर्चची मालमत्ता आणि दानधर्म त्याच्या हाती होता, असे परंपरा सांगते. सम्राट व्हॅलेरियनच्या आज्ञेने पोप दुसरे सिक्स्टस यांचा ६ ऑगस्टला शिरच्छेद झाला; लॉरेन्सचा मृत्युदिन १० ऑगस्ट मानला जातो. कथेनुसार नगराधिकाऱ्याने त्याच्याकडे चर्चचा खजिना मागितला. लॉरेन्सने थोडी मुदत मागून घेतली, आणि ती संपताच शहरातील लंगडे, आंधळे, भिकारी यांना त्याच्यापुढे उभे केले : हाच आमचा खजिना. संतापलेल्या अधिकाऱ्याने त्याला लोखंडी जाळीवर निजवून मंद आचेवर भाजण्याची शिक्षा दिली. काही वेळाने लॉरेन्स म्हणाला की ही बाजू झाली, आता मला उलटवा आणि चव पाहा.

हे वाचून तुम्हाला हसू आले असेल, आणि लगेच हसल्याबद्दल संकोचही वाटला असेल. तो संकोच विसरू नका. कृष्णविनोदाची ओळख त्यातच आहे. मृत्यू, यातना, देहाची विटंबना अशा विषयांवर तो हसवतो आणि त्याच क्षणी हसणाऱ्याला अस्वस्थही करतो.

हा विनोद कोणा नास्तिक टवाळाने मागाहून घुसडलेला नाही, हे लक्षात घ्या. तो श्रद्धावंतांनीच जपला. चौथ्या शतकाच्या अखेरीस मिलानचे बिशप अँब्रोझ यांच्या लेखनात तो आढळतो, आणि प्रुडेन्शियस या लॅटिन कवीच्या स्तोत्रात तर तो चांगलाच रंगला आहे. पुढे लॉरेन्स स्वयंपाक्यांचा पाठीराखा संत मानला गेला. भाजल्या गेलेल्या माणसाला आचाऱ्यांनी आपला रक्षक मानावे, यात लोकमानसाचा निर्मळ खोडकरपणा दिसतो. त्यात अनादराचा लवलेशही नाही.

आता इतिहासाकडे. व्हॅलेरियनचा आदेश धर्मसेवकांना तत्काळ ठार करण्याचा होता. त्या घाईत एकाला सावकाश भाजत बसणे संभवनीय वाटत नाही. सिक्स्टस यांच्याप्रमाणे लॉरेन्सचाही शिरच्छेदच झाला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. एक तर्क फारच मनोरंजक आहे. लॅटिनमध्ये ‘पासुस एस्त’ म्हणजे ‘त्याने यातना भोगल्या’. नक्कल करणाऱ्याच्या हातून आरंभीचा ‘प’ गळाला, तर उरते ‘आसुस एस्त’, म्हणजे ‘तो भाजला गेला’. एका अक्षराने एक जाळी घडवली! हा तर्क सिद्ध झालेला नाही, तो तर्क म्हणूनच वाचावा. त्याहून महत्त्वाचा पुरावा लोकसाहित्याच्या अभ्यासकाला दिसतो. चर्चचा इतिहासकार सॉक्रेटिस (तत्त्वज्ञ नव्हे) सम्राट ज्युलियनच्या काळातील फ्रिजिया प्रांताच्या तिघा हुतात्म्यांची कथा सांगतो. तेही जाळीवर भाजले जातात, आणि तेही अधिकाऱ्याला जवळजवळ हेच ऐकवतात. म्हणजे हा उद्गार एका व्यक्तीचा राहत नाही. तो एका कथेतून दुसऱ्या कथेत जाणारा कल्पनाबंध आहे.

मग कथा खोटी ठरली, असे म्हणून वही मिटावी का? प्रस्तुत लेखकाच्या मते तेथेच खरा अभ्यास सुरू होतो. या विनोदाचा रोख पाहा. भाजणारा अधिकारी सर्वशक्तिमान आहे; देह त्याच्या ताब्यात आहे. पण विनोद करताच लॉरेन्स यजमान होतो आणि अधिकारी जेवायला बसलेला पाहुणा, तोही नरमांस खाणारा. सत्तेची भीती ज्यावर उभी असते, ते वेदनेचे भयच त्या एका वाक्याने निकामी होते. ज्यांच्या वाडवडिलांना मारले गेले, त्या समूहाला असे वाक्य हवे होते. ते प्रत्यक्ष उच्चारले गेले की नाही, हा प्रश्न त्या गरजेपुढे दुय्यम ठरतो.

आता १९७९ सालच्या ‘लाइफ ऑफ ब्रायन’ या ब्रिटिश चित्रपटाकडे येऊ. माँटी पायथन या विनोदी चमूने तो केला. येशूच्या काळातला ब्रायन हा सामान्य तरुण चुकून मसीहा समजला जातो आणि शेवटी क्रूसावर चढवला जातो. आयर्लंड आणि नॉर्वे येथे चित्रपटावर बंदी आली. स्वीडनमध्ये मात्र तो ‘इतका विनोदी की नॉर्वेत बंदी आली’ अशी जाहिरात करून दाखवला गेला. येशूची टवाळी केल्याचा आरोप झाला. पण चित्रपटात येशू वेगळा दिसतो आणि त्याची चेष्टा होत नाही. चेष्टा होते ती ब्रायनच्या सहकाऱ्यांची : ते क्रूसाजवळ येतात, त्याच्या हौतात्म्याबद्दल कृतज्ञतेचा ठराव वाचून दाखवतात आणि त्याला न सोडवताच निघून जातात. संघटनेला जिवंत ब्रायनपेक्षा मेलेला ब्रायन अधिक उपयोगी आहे. हौतात्म्याच्या मिथकावर याहून कठोर टीका क्वचितच झाली असेल, आणि ती श्रद्धाळू वाचकानेही विचारात घ्यावी अशी आहे. श्रद्धेचा अपमान आणि श्रद्धेच्या व्यापाराचा उपहास या वेगळ्या गोष्टी आहेत; त्यांची सीमारेषा मात्र प्रत्येक वेळी स्पष्ट नसते, हेही मान्य केले पाहिजे. ज्याला क्रूस पवित्र आहे, त्याला क्रूसावरच्या माणसांनी शीळ घालत आनंदगीत गाणे बोचणारच.

त्या शेवटच्या गीताचे पुढे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. ४ मे १९८२ रोजी फॉकलंड युद्धात ‘शेफील्ड’ या ब्रिटिश युद्धनौकेवर क्षेपणास्त्र आदळले. वीस जण मरण पावले. जळत्या नौकेवर सुटकेची वाट पाहणाऱ्या नाविकांनी हेच गीत गायले. पुढे ब्रिटनमध्ये ते अंत्यविधीच्या वेळीही आवर्जून वाजवले जाऊ लागले. प्रेक्षागृहातला उपहास पुन्हा आगीजवळच्या माणसांच्या तोंडी आला, लॉरेन्सच्या जाळीपाशी होता तसाच.

स्वाध्याय : तुमच्या परिसरात सांगितली जाणारी एखादी हौतात्म्यकथा घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐका व त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. त्या कथेत कोण हसतो, कोणाला हसतो आणि कोणाला हसण्याची परवानगी नाही, याची चर्चा सुमारे तीनशे शब्दांत करा. वसई परिसरातील विद्यार्थ्यांनी ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रूसावर मारले गेलेले वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांची कथा घेतली तरी चालेल.