सायकलचं दुसरं पॅडल

सुरुवातीलाच कबुली देते. माझं सगळं शालेय शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मी मराठी विभागासाठी लिहिणार म्हटल्यावर रूममेटने आधी पोटभर हसून घेतलं. ऱ्हस्व-दीर्घ तिने तपासले आहेत, बाकीच्या चुका माझ्या. पण हा विषय मला इंग्रजीत सुचलाच नाही. त्यातलं निम्मं मी वर्गात शिकले असले तरी निम्मं आमच्या गावच्या सायकल दुकानात शिकले, आणि तिथे सायकल ‘ओव्हरऑइलिंग’ला टाकतात. हा शब्द ‘ओव्हरहॉलिंग’ असतो हे मला कॉलेजात आल्यावर कळलं! तोपर्यंत मला वाटायचं, खूप तेल घालतात म्हणून ओव्हरऑइल.

माझं गाव गडब, तालुका पेण. मुंबई-गोवा महामार्गाने वडखळ सोडून नागोठण्याकडे निघालात की लागतं. एका अंगाला हायवे, दुसऱ्या अंगाला खारेपाट. म्हणजे भाताची खाचरं, खारं पाणी अडवणारे बांध आणि पलीकडे धरमतरची खाडी. खाडीचा वारा लागतो तिथे लोखंड फार दिवस टिकत नाही. खिडकीचे गज, कडी-कोयंडे, पत्र्याचे खिळे सगळं फुगतं आणि पापुद्र्यांनी सुटतं. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. गंज म्हणजे आमच्याकडे लोखंडाचा नेहमीचाच रंग.

बाबांकडे काळी, उंच दांड्याची सायकल होती. २००८ साली नवी घेतलेली. त्यावरून ते कंपनीत जायचे, जाऊन-येऊन दहा किलोमीटर. सायकलची निगा ते नीट ठेवायचे. रविवारी चेनला तेल, पंधरा दिवसांनी हवा, पावसाळ्याआधी ब्रेकचे रबर नवे. गावात ‘तुमची सायकल अजून नवीन दिसते’ असं कोणी म्हटलं की खूश व्हायचे.

जुलै २०१९. सकाळच्या पाळीला निघाले होते, पाऊस होता. हायवेचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, त्यामुळे माझं सगळं लहानपण खड्डे आणि डायव्हर्जनमध्ये गेलं. एका चढावर बाबा सीटवरून उठून जोर लावत होते आणि उजवं पॅडल तुटून पडलं. वाकलं नाही, सैल झालं नाही, सरळ तुटलं. सगळं वजन त्याच पायावर होतं. ते उजवीकडे, म्हणजे रस्त्याच्या मधल्या बाजूला पडले. मागून ट्रक येत होता. ट्रकवाल्याने ब्रेक मारला आणि ट्रक चार हातांवर थांबला. त्याचं नाव-गाव आम्हाला आजही माहीत नाही.

बाबांचा गुडघा आठ आठवडे कामातून गेला. दुकानवाल्या काकांनी तुटलेला तुकडा बघितला, ‘लोखंड म्हातारं झालं’ म्हणाले आणि नवं पॅडल बसवलं. उजवं. डावं चांगलं होतं ना, मग ते कशाला बदलायचं? आम्हालाही ते पटलं. पुढे बाबा कंपनीच्या बसने जायला लागले. सायकल बाजारापुरती आणि बांधावर जाण्यापुरती राहिली, आणि मग धाकटा भाऊ मोठा झाल्यावर त्याच्याकडे गेली. तो शाळेत जातो. कधी एकटा, बहुतेक वेळा मित्राला डबलसीट घेऊन.

इथपर्यंतची गोष्ट कोणाच्याही घरची असू शकते. आता अभ्यासाचं.

सेकंड इयरला मटेरियल सायन्समध्ये ‘फटीग’ हा धडा आहे. आपण तो आठ मार्कांसाठी पाठ करतो. एकदा भार दिला तर धातूचं काही बिघडत नाही, पण तोच भार लाखो वेळा दिला-काढला की आत बारीक भेग पडते, ती हळूहळू वाढते आणि एक दिवस उरलेला धातू एकदम तुटतो. ८ मे १८४२ ला फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस असाच तुटला. पन्नासहून जास्त माणसं गेली. तेव्हा कोणाला कळेना की इतके दिवस चाललेला आस आजच का तुटला. पुढे वोलर नावाच्या जर्मन रेल्वे इंजिनिअरने १८५० आणि १८६० च्या दशकांत आसांवर फिरवून-फिरवून प्रयोग केले, आणि भार किती यासोबत तो किती वेळा आला हेही मोजलं पाहिजे हे दाखवून दिलं. आपण जी एस-एन कर्व्ह काढतो ती त्याच कामातून आली.

सरांनी फळ्यावर तुटलेल्या शाफ्टचं तोंड काढलं आणि म्हणाले, इथे ‘बीच मार्क्स’ दिसतात, ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा रेघा. मी एकदम सरळ बसले. बाबांनी त्या दिवशी पॅडलचा तुटका तुकडा खिशात घालून आणला होता आणि तो आमच्या खिळ्यांच्या डब्यात पडलेला होता.

२०२४ च्या दिवाळीत घरी गेल्यावर पहिलं काम तेच केलं. फराळ नंतर! आई म्हणाली, ‘पोरगी शिकायला गेली आणि भंगार उपसायला लागली.’ तुकडा गंजला होता, पण पॅडलचा आस जिथे क्रॅंकमध्ये शिरतो, त्या शेवटच्या आट्यापाशी तुटल्याचं स्पष्ट दिसत होतं. आट्याची खाच म्हणजे ताण गोळा होण्याची हमखास जागा. तोंडाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग काळपट, गुळगुळीत, वाकड्या रेघांचा. उरलेला खडबडीत, दाणेदार. काळा भाग म्हणजे जुनी भेग, तिच्यात पाणी आणि मीठ जाऊन ती आतून गंजलेली. दाणेदार भाग त्या दिवशी सकाळी तुटलेला. म्हणजे शेवटचे काही दिवस बाबांचं सगळं वजन एक तृतीयांश लोखंडावर होतं, आणि बाहेरून सायकल ‘अजून नवीन’ दिसत होती.

मग मी हिशोब केला. पुढच्या चक्राला ४४ दात, मागे फ्रीव्हीलला १८. चाकाचा घेर साधारण सव्वादोन मीटर. म्हणजे पॅडलच्या एका फेरीत सायकल सुमारे साडेपाच मीटर जाते. दिवसाला १० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ३००० किलोमीटर. भागाकार केला की वर्षाला साडेपाच लाख फेऱ्या येतात. अकरा वर्षांच्या साठ लाख. उतारावर पॅडल न मारता गेलेलं अंतर वजा केलं तरी आकडा लाखांतच राहतो. सायकलींच्या सुरक्षिततेचं आयएसओ ४२१० हे जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात क्रॅंकची फटीग चाचणी एक लाख फेऱ्यांची असते. तिथला भार आपल्या रोजच्या पॅडल मारण्यापेक्षा खूप मोठा असतो, त्यामुळे एक लाख आणि साठ लाख यांची सरळ तुलना करू नका. (मी केली होती आणि सरांनी वहीवर लाल रेघ मारली.) पण सायकलच्या भागांचं वय वर्षांत नाही, फेऱ्यांत मोजायचं असतं एवढं त्यातून कळतं.

आणि हिशोब करता करताच माझ्या पोटात गोळा आला. डाव्या पॅडलनेही तेवढ्याच फेऱ्या मारल्या होत्या! वर भावाच्या डबलसीटच्या वेगळ्या.

पाना घेतला आणि डावं पॅडल काढायला बसले. ते निघेना. जोर लावला तसं आणखी घट्ट झालं. भाऊ मागे उभा राहून हसत होता. शेवटी आठवलं, डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, नाहीतर पॅडल मारता मारता ते आपोआप सुटून येईल. इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी!

पॅडल निघाल्यावर आटे ब्रशने घासून साफ केले. नुसत्या डोळ्यांना काही दिसलं नाही. मग एक जुना उपाय केला, जो रेल्वेच्या कारखान्यांत पूर्वी आसांसाठी वापरत. घरात बाटलीत थोडं रॉकेल उरलं होतं, त्यात आस अर्धा तास बुडवून ठेवला. नंतर कपड्याने कोरडा पुसला आणि वर खडूची पूड हलक्या हाताने चोळली. भेग असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटते. आपल्या लॅबमध्ये डाय पेनिट्रंटचे लाल-पांढरे डबे आहेत ना, तत्त्व तेच. दहा मिनिटांनी शेवटच्या आट्यापाशी केसासारखी काळी रेघ आली. अर्ध्या घेराला वळसा घालून गेलेली. मी पुसून परत सगळं केलं. रेघ परत आली, त्याच जागी.

बाबांना हाक मारली. ते बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, ‘पाच वर्षं पोरगा यावर फिरतोय.’ मी काही बोलले नाही. दुकान उघडल्यावर ते स्वतः जाऊन दोन्ही पॅडल नवी घेऊन आले.

आता मिठाविषयी, कारण पाठ्यपुस्तकात ते एका ओळीत उरकलंय. पोलादाला ‘एंड्युरन्स लिमिट’ असते, म्हणजे एका मर्यादेखालचा भार कितीही वेळा दिला तरी ते तुटत नाही असं आपण शिकतो. हे कोरड्या हवेतलं पोलाद. खारं पाणी लागलं की गंजाचे बारीक खड्डे पडतात, प्रत्येक खड्डा ही एक खाच होते आणि ती मर्यादाच उरत नाही. म्हणजे खाडीकाठच्या सायकलीला कायमचं असं काही नाही. ॲल्युमिनियमला तर ही मर्यादा मुळातच नसते. हॉस्टेलवर ज्यांच्या गिअरच्या चकचकीत सायकली आहेत त्यांनी हे लक्षात ठेवा. ॲल्युमिनियमचं हँडल पडून वाकलं तर ते सरळ करून वापरू नये, बदलावं. सरळ दिसतं, पण आतून गेलेलं असतं. हेल्मेटचंही तसंच, आतला थर्मोकोल एकदा दबला की त्याचं काम संपलं.

आपल्या हॉस्टेलचा सायकल स्टँड तुम्ही बघता तसा मीही बघते. सायकली सीनियरकडून ज्युनिअरकडे जातात, त्याच्याकडून पुढच्या बॅचकडे, आणि कितव्या मालकाने काय बदललं हे कोणालाच माहीत नसतं. दिवाळीनंतर आमच्या विंगमधल्या अकरा सायकली मी तपासल्या. साधन म्हणून ड्रॉइंगची स्टीलची पट्टी. चेनच्या एका पिनेपासून पुढच्या पिनेचं अंतर अर्धा इंच असतं, म्हणजे चोवीस घरांचे बरोबर बारा इंच. चेन ताणून पट्टी लावायची. पिनेचा मध्य बारा इंचांच्या पुढे एक सोळांश गेला असेल तर चेन म्हातारी होतेय, एक अष्टमांश गेला तर बादच. चेन ‘लांबते’ असं आपण म्हणतो, पण धातू लांबत नाही, पिना आणि त्यांची भोकं झिजतात. अशी चेन फ्रीव्हीलचे दात खाते, आणि मग उभं राहून जोर लावला की सटकन उडी मारते. पाय निसटतो. बाबांसारखंच पडणं, फक्त कारण वेगळं. अकरापैकी पाच चेनी बाद निघाल्या, त्यातली एक माझी.

ब्रेकबद्दल लिहायची लाज वाटते. तीन सायकलींना मागचा ब्रेकच नव्हता आणि मालकिणी म्हणाल्या, ‘कॅम्पसमध्येच तर फिरवतो!’ वायर तपासताना लिव्हरच्या आत बघा, जिथे तिचं टोक अडकवलेलं असतं. तिथे एक-दोन तारा सुटलेल्या दिसल्या तर त्याच दिवशी वायर बदला, कारण ती नेमकी जोरात ब्रेक दाबताना तुटते. रबर कडक आणि चकचकीत झालं असेल तर शिल्लक दिसलं तरी उपयोगाचं नाही. ॲल्युमिनियमच्या रिमची बाजू बोटाला खोलगट लागली तर रिमच बदलायची वेळ आली.

काळ्या सायकलींची कॉटर पिन बघायला दोन्ही क्रॅंक धरून उलट दिशांना हलवा. एक क्रॅंक हलली आणि दुसरी जागेवर राहिली तर कॉटर सैल आहे. पुढच्या चिमट्याची जागा, जिथे दोन पाय वर एकत्र येतात, ती पुसून उजेडात बघा. सायकल कधी धडकली असेल तर तिथे रंगाला सुरकुती पडलेली असते. आणि तारा बोटाने छेडून ऐका. एखादीचा आवाज बद्द आला तर ती सैल आहे, तिचं वजन शेजारच्या दोघी वाहतायत. चाकाचा आऊट काढून घ्या, तुटेपर्यंत थांबू नका.

आमच्या घरच्या सायकलीला मी एक गोष्ट केली. चेन कव्हरच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने लिहून ठेवलं: ‘पॅडल दोन्ही, नोव्हेंबर २०२४. चेन, नोव्हेंबर २०२४.’ भाऊ म्हणाला, ‘ताई, हे औषधाच्या बाटलीसारखं झालं.’ पण परवा त्याचा फोन आला होता. ब्रेकची वायर बदलली, तर तारीख कुठे लिहू, वर जागा नाही.

ते जुनं डावं पॅडल मी इथे आणलंय, टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवलंय. रविवारी सकाळी आंघोळीच्या रांगेतून सुटका झाली की मी स्टँडवर असते. येताना स्टीलची पट्टी आणा, पाना माझ्याकडे आहे. रॉकेल मात्र संपत आलंय.