दोन फुटांच्या टाकीत किती जातींचे किली?

प्रश्न : आमच्या घरी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचेची टाकी आहे. सध्या तिच्यात गोल्डन वंडर किलीची एक जोडी आहे. दुकानदार म्हणतो, ‘आणखी तीन-चार जातींचे किली नेऊन सोडा, सगळे किलीच, काही होत नाही.’ हे बरोबर आहे का? दुसरं म्हणजे, आफ्रिकेतल्या काही किलींची अंडी म्हणे कोरड्या चिखलात महिनोन्‌महिने जिवंत राहतात. मग ती आमच्या शेतातल्या काळ्या मातीतही राहतील का?
— एक वाचक, आदिलाबाद

उत्तर : सोडू नका. एवढ्या टाकीत एकच जात ठेवावी आणि ती नीट ओळखीची करून घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. किली हे एका माशाचं नाव नाही. ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका सोडले तर बाकीच्या सगळ्या खंडांत मिळून त्यांच्या बाराशेहून अधिक जाती आहेत. कुणी डोंगरातल्या थंड ओढ्यातला, कुणी खाडीच्या मचूळ पाण्यातला, तर कुणी पावसाळ्यापुरत्या साचणाऱ्या डबक्यातला. दुकानात ते एका रांगेत ठेवलेले दिसतात म्हणून त्यांचं पाणी एक होत नाही.

आधी तुमच्याकडच्या जोडीबद्दल. गोल्डन वंडर म्हणजे अप्लोकायलस लिनिएटस या आपल्याच माशाचा पैदाशीतून तयार झालेला पिवळा प्रकार. मूळ मासा कोकण, गोवा, केरळ या पट्ट्यातल्या ओढ्यांत, विहिरींत आणि भातखाचरांत सापडतो. टाकीजवळ बसून त्याला बाजूने पाहा. पाठ सरळ सपाट, तोंड वरच्या बाजूला वळलेलं, पाठीवरचा पर पार शेपटीजवळ. पृष्ठभागाला पाठ टेकवून निश्चल थांबायचं आणि वर पडलेला किडा गपकन उचलायचा, यासाठीच ही ठेवण आहे. डासांच्या अळ्या तो आवडीने खातो. वाढ पुरी झाली की तो दहा सेंटीमीटरपर्यंत जातो आणि तोंडात मावेल तो मासा गिळतो. त्याच्या शेजारी एपिप्लॅटिस ॲन्युलेटस, म्हणजे दुकानातला ‘क्लाउन किली’, सोडलात तर तो जेमतेम चार सेंटीमीटरचा पट्टेरी जीव काही दिवसांत दिसेनासा होईल. मासा मेला की तरंगतो, हा मात्र सापडणारही नाही.

आकार जुळले तरी अडचण संपत नाही. पुष्कळ किलींमध्ये रंग फक्त नराला असतो. मादी करडी-तपकिरी, फार तर अंगावर चार ठिपके. जवळच्या दोन जातींच्या माद्या एका टाकीत मिसळल्या की कोणती कुणाची, हे जाणकारालाही खात्रीने सांगता येत नाही. मग त्यांचा संकर होतो. ती पिल्लं बरेचदा दुबळी किंवा वांझ निघतात आणि हातातला शुद्ध वाण गेला तो गेलाच. म्हणूनच किली सांभाळणारे लोक माशाच्या नावापुढे तो मूळ कुठल्या ओढ्यातून वा डबक्यातून आणला त्या जागेचं नावही लिहून ठेवतात आणि एकाच जातीच्या दोन ठिकाणच्या माशांचीही सरमिसळ होऊ देत नाहीत. अनेक डबकी शेतीखाली आणि रस्त्याखाली जात आहेत, त्यामुळे काही वाण आता बहुतांशी अशा घरगुती टाक्यांतच उरले आहेत. आपल्या दोन फुटांत आपण नेमकं काय ठेवलंय याची नोंद असणं मला त्यामुळे फार मोलाचं वाटतं.

तिसरी अडचण खास तुमच्या आदिलाबादची. उन्हाळ्यात पारा 44-45 अंशांवर आणि हिवाळ्यात तेलंगणातली सगळ्यात बोचरी थंडी. गॅबनमधला ॲफिओसेमियन ऑस्ट्राले हा देखणा किली 21 ते 24 अंशांच्या, मऊ पाण्यात सुखी असतो. मे महिन्यात पत्र्याच्या घरात तो तगणार नाही. तुमचा गोल्डन वंडर मात्र काटक आहे. त्याच्यासाठी हिवाळ्यात एक छोटा हीटर पुरे. उन्हाळ्यात टेबल फॅनचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून जाईल असा लावा. तुमच्याकडची हवा कोरडी असल्यामुळे बाष्पीभवन जोरात होतं आणि पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. फक्त जे पाणी उडून जाईल ते बोअरच्या पाण्याने भरून काढू नका. क्षार टाकीतच राहतात आणि पाणी दिवसेंदिवस जड होत जातं. साठवलेलं पावसाचं पाणी असेल तर उत्तम, नाहीतर फिल्टरचं आरओ पाणी वापरा.

तुमच्या टाकीत काठोकाठ सुमारे 56 लिटर पाणी मावतं. खाली वाळू घालून वर चार बोटं जागा सोडली की 40-45 लिटरच्या आसपास उरतं. एवढ्या जागेत एक नर आणि दोन-तीन माद्या ठेवा. एकच मादी असली की नर दिवसभर तिच्या मागे लागतो आणि ती झुरते, तेव्हा आणखी एक-दोन माद्या आणणं हीच तुमची पहिली खरेदी असू द्या. सोबत हवीच असेल तर ती तळाची असावी. कोरीडोरास किंवा एखादी शांत लोच चालेल, पण मापात मोठी बघून घ्या. पृष्ठभाग किलीचा, तळ त्यांचा, म्हणजे भांडण नाही.

तरीही दोन किली जाती एकत्र पाहायच्याच असतील, तर त्यासाठी वेगळी टाकी करा आणि जाती वेगळ्या वंशाच्या, शांत आणि जवळपास सारख्या मापाच्या निवडा. क्लाउन किलीबरोबर अप्लोकायलस ब्लॉकाय हा केरळकडचा पाचेक सेंटीमीटरचा छोटा किली ठेवता येतो. वर तरंगत्या वनस्पतींचा दाट थर हवा. वंश वेगळे असल्यामुळे संकराची भीती नाही. काही शौकीन वेगवेगळ्या जातींचे फक्त नर ठेवतात. रंगांची उधळण होते, पिल्लं होत नाहीत. माझं मन त्यात रमत नाही, कारण किलीचं सगळं नवल त्याच्या अंड्यात आहे आणि नेमकं तेच तिथे हुकतं.

ते नवल तुमच्या जोडीतही पाहता येईल. थर्मोकोलच्या तुकड्याला गडद रंगाच्या ॲक्रिलिक लोकरीचा झुपका बांधून टाकीत तरंगत सोडा. आठवड्याने तो बाहेर काढून हलकेच पिळा आणि उजेडात धागे विलगून बघा. खसखशीपेक्षा थोडं मोठं, पारदर्शक, टणक अंडं धाग्याला चिकटलेलं दिसेल. ते चिमटीत धरून उचललं तरी फुटत नाही. अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून वाटीभर पाण्यात मेथिलीन ब्लूचा एक थेंब टाकून त्यात ती ठेवा. पांढरी पडलेली रोज काढून टाका. जिवंत अंड्यात काही दिवसांनी पिल्लाचे दोन काळे डोळे दिसू लागतात आणि साधारण दोन आठवड्यांत पिल्लू बाहेर येतं. टाकीवर झाकण मात्र गच्च हवं. वायर आणि नळी जाण्याच्या फटीतूनही किली उडी मारून बाहेर पडतो, तिथे स्पंजचा तुकडा कोंबा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो मला जास्त आवडला. तुम्ही ऐकलं ते खरं आहे. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतले नोथोब्रँकियस वंशाचे किली पावसाळी डबक्यांत राहतात. पाऊस पडला की अंडी फुटतात, मासे झपाट्याने वाढतात, चिखलात अंडी घालतात आणि डबकं आटलं की मरतात. अंड्यातला गर्भ वाढ थांबवून पुढच्या पावसाची वाट पाहतो. 1968 साली झिम्बाब्वेच्या गोनारेझौमध्ये सापडलेला नोथोब्रँकियस फुर्झेरी तर दोन आठवड्यांत वयात येऊ शकतो, असं मोझांबिकमधल्या डबक्यांवर झालेल्या आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. आयुष्य इतकं आखूड असल्यामुळे म्हातारपणाचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळा आज हा मासा पाळतात. एका खेपेची सगळी अंडी एकदम फुटत नाहीत. पहिला पाऊस दगा देऊन गेला तर मागे काही शिल्लक राहावीत, अशी ती सोय आहे. वऱ्हाडापासून आदिलाबादपर्यंतच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

आणि ही डबकी बहुधा कुठल्या मातीवर असतात? ओली झाली की फुगणाऱ्या आणि सुकली की भेगाळणाऱ्या काळ्या चिकणमातीवर, म्हणजे तुमच्या कापसाच्या रेगडीच्याच जातकुळीच्या. तेव्हा तुमच्या मातीत ती अंडी टिकू शकतील, असंच मानून चाला. म्हणून तर टाकीचं पाणी, चिखल किंवा नको झालेले मासे ओढ्यात, शेततळ्यात किंवा सातनाला धरणाच्या पाण्यात चुकूनही टाकू नका. डास आवरायला 1928 साली भारतात आणलेला गॅम्बुशिया आज देशभर पसरला आहे आणि स्थानिक माशांची अंडी-पिल्लं फस्त करतो. त्याला परत बोलावता आलेलं नाही.

घरी हा प्रयोग करायचा तर शेतातली माती वापरू नका, तिच्यात फवारणीचा अंश असतो. कोकोपीट उकळून, पाण्याचा रंग उतरेपर्यंत धुऊन, एका डब्यात भरून स्वतंत्र टाकीच्या तळाशी ठेवा. जात झांझिबारचा नोथोब्रँकियस गुंथेरी घ्या, नवख्याला तो जमतो. दोन आठवड्यांनी कोकोपीट काढून पिळा, मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकणार नाही इतपत सुकू द्या आणि जात व तारीख लिहून पिशवीत बंद करा. पिशवी माळ्यावर टाकू नका, माठाच्या तिवईखालचा गारवा तिला मानवेल. साधारण तीन महिन्यांनी कोकोपीट पसरट भांड्यात घेऊन वर गार पाणी ओता. दुसऱ्या दिवसापर्यंत पिल्लं वळवळताना दिसतील, त्यांना आर्टेमिया या कोळंबीसारख्या चिमुकल्या जिवाची ताजी पिल्लं खायला लागतात. पिल्लं बाजूला काढली की तेच कोकोपीट पुन्हा सुकवून जपून ठेवा. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा भिजवलंत की मागे राहिलेली अंडी फुटतात.