जलनेती

‘नाक दाबले की तोंड उघडते’ अशी आपल्याकडे म्हण आहे. पडशाने नाक चोंदले, म्हणजे हिचा शब्दशः प्रत्यय येतो.

मुलांनो, नाकाचे काम केवळ वास घेण्याचे नाही. आत येणारी हवा ते उबदार व ओलसर करते. हवेतील धूळ नाकातील चिकट श्लेष्म्यात अडकते आणि तेथील सूक्ष्म रोम तिला घशाकडे लोटीत असतात. नाकाभोवतालच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या आहेत. त्यांना सायनस म्हणतात. त्यांची अरुंद तोंडे नाकात उघडतात. सर्दीमुळे ती सुजून बंद झाली, की आत श्लेष्मा साचतो, कपाळ जड होते व गाल ठणकू लागतात.

मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुतल्यास हा श्लेष्मा सैल होऊन वाहून जातो. या क्रियेला जलनेती म्हणतात. ‘हठयोगप्रदीपिका’ या ग्रंथात सहा शुद्धिक्रियांमध्ये नेतीची गणना केली आहे. मात्र तेथे सांगितलेली नेती सुताची आहे. जलनेतीस तोटीचे लहान पात्र लागते.

आता कोणी विचारील, “जे पाणी आपण पितो, ते नाकात घालण्यास हरकत कोणती?” हरकत आहे, आणि ती फार मोठी आहे. गोड्या, उबदार पाण्यात क्वचित नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा असतो. तो पोटात गेला तर अपाय होत नाही. परंतु नाकात शिरला, तर गंधाच्या मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूपर्यंत पोहोचतो. हा रोग बहुधा प्राणघातक ठरतो. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २०११ साली दोन व्यक्ती अशा रीतीने दगावल्या. दोघांनीही नाक धुण्यासाठी नळाचे पाणी तसेच वापरले होते. असे प्रसंग अतिशय विरळ असले, तरी ते टाळण्याचा उपाय सोपा आहे.

खळखळून उकळी फुटल्यावर पाणी निदान एक मिनिट उकळू द्यावे व झाकून कोमट होऊ द्यावे. अर्धा लिटर पाण्यात सुमारे साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाचा जेमतेम एक सपाट चमचा, मीठ विरघळवावे. नुसत्या पाण्याने नाक झोंबते. मिठाच्या या प्रमाणाने झोंबत नाही. मग पुढे वाकून मान एका बाजूस कलती करावी, तोंडाने श्वास घ्यावा आणि वरच्या नाकपुडीत हळूहळू धार सोडावी. पाणी खालच्या नाकपुडीतून बाहेर येते. त्यानंतर नाक जोराने न शिंकरता हलकेच मोकळे करावे. पात्र धुऊन कोरडे ठेवावे. एकाचे पात्र दुसऱ्याने वापरू नये.

कान दुखत असेल, नाकातून रक्त येत असेल किंवा नाक पुरते बंद असेल, तर ही क्रिया करू नये. मुलांनी ती डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि वडीलधाऱ्यांच्या देखतच करावी.

पाणी उकळून निवण्यास थोडा वेळ लागतो. तेवढा धीर ज्याला नाही, त्याने नेतीपात्र हाती घेऊ नये.

शब्दार्थ : प्रत्यय – अनुभव. श्लेष्मा – नाकातील चिकट द्रव, शेंबूड. विरळ – क्वचित घडणारे.

स्वाध्याय
१. सर्दीत कपाळ जड का होते?
२. पिण्याचे पाणी न उकळता नाकात का घालू नये?
३. वाक्यांत उपयोग करा : प्रत्यय येणे, गणना करणे.