जळालेली मोटार काय सांगते? – तीन फेजच्या जोडणीविषयी



चैत्र-वैशाखात खोडव्याला पाण्याची पाळी आलेली असते आणि नेमकी त्याच वेळी मोटार जळते. मग ती उचलायची, गाडीत घालायची, रिवाइंडिंगच्या दुकानात नंबर लावायचा. दुकानात आधीच वीस मोटारी ओळीने पडलेल्या असतात. आठ-दहा दिवस जातात, तोवर उसाची पाने वळायला लागतात. रिवाइंडिंगचे पैसे देऊन आपण मोटार परत आणतो, त्याच पेटीला, त्याच तारांना जोडतो आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा त्याच दुकानाच्या दारात उभे राहतो. मोटार का जळाली, हे या सगळ्यात कुणी पाहिलेलेच नसते.

वास्तविक जळालेली मोटार वाचता येते. दुकानदाराला एवढेच सांगा, “वायंडिंग काढायच्या आधी मला एकदा दाखवा.” सगळी वेटोळी सारखीच काळी पडली असतील, तर मोटारीवर भार जास्त झाला, व्होल्टेज फार कमी होते किंवा पंप जाम झाला असे धरावे. पण काही वेटोळी कोळशासारखी काळी आणि त्यांच्या शेजारची नव्यासारखी लालसर, असा पट्टा-पट्टा दिसला, तर मोटार दोन फेजवर चालली होती. स्टार जोडणीच्या मोटारीत दोन फेजची वेटोळी जळतात आणि तिसऱ्याची शाबूत राहतात. डेल्टा जोडणीच्या मोटारीत उलट होते, एका फेजची जळतात आणि दोन फेजची चांगली राहतात. हा पट्टा ओळखता आला की दोष मोटारीचा नसून जोडणीचा आहे, हे कळते.

तीन फेज म्हणजे काय? दोन तारांच्या साध्या विजेचा जोर सेकंदाला पन्नास आवर्तने करीत चढतो आणि उतरतो. मधल्या क्षणी तो शून्य होतो. तीन फेजमध्ये असे तीन प्रवाह एकामागून एक, सारख्या अंतराने येतात. एक उतरत असताना दुसरा चढत असतो, त्यामुळे मोटारीला सलग ओढ मिळते आणि ती आपणहून फिरायला लागते, सुरू करायला कंडेन्सर लागत नाही. टेस्लाने या तत्त्वावरच्या मोटारीची पेटंटे १८८८ साली अमेरिकेत घेतली. १८९१ साली जर्मनीत लाउफेनहून फ्रँकफुर्टपर्यंत १७५ किलोमीटर तीन फेजची वीज नेऊन दाखवली गेली आणि त्यानंतर जगभर मोठ्या कामाला हीच पद्धत रूढ झाली. कारखान्याच्या टर्बाइनवर बगॅसच्या वाफेने होणारी वीज तीन फेजचीच आणि बंधाऱ्याच्या काठावरच्या आपल्या पंपाची वीजही तीन फेजचीच. कोणत्याही दोन फेजमध्ये सुमारे ४१५ व्होल्ट आणि फेज व न्यूट्रलमध्ये सुमारे २४० व्होल्ट, हे आकडे पंपवाल्याला पाठ असावेत.

आता मोटार चालू असताना एक फेज गेला तर काय होते ते पाहू. बंद असलेली मोटार दोन फेजवर सुरू होत नाही, नुसती घुमते. पण चालू असलेली मोटार थांबत नाही, आणि घात होतो तो इथेच. उरलेल्या दोन तारांतून तेवढेच काम ओढून घेण्यासाठी प्रवाह पावणेदोन पटीच्या जवळ जातो. डेल्टा मोटारीत एका वायंडिंगमधून तर नेहमीच्या दुप्पट प्रवाह वाहतो. पाणी येतच असते, आवाज थोडा बदलतो आणि रान लांब असेल तर तोही कानावर येत नाही. इनॅमलचा लेप वितळायला फार वेळ लागत नाही.

बरेच जण म्हणतात, “पेटीवर तीन दिवे आहेत की. तिन्ही लागलेले होते, मग फेज गेला कसा?” दिवे लागलेले असू शकतात. फिरती मोटार त्या तुटलेल्या फेजवर स्वतःच उलटे व्होल्टेज तयार करते आणि त्यावर तिसरा दिवा पेटतो. म्हणून नुसते व्होल्टेज पाहणारे साधे उपकरण फसते. सिंगल-फेज प्रिव्हेंटर घेताना प्रत्येक तारेतला प्रवाह पाहणारा घ्यावा, आणि तो खरोखर काम करतो की नाही हे वायरमनकडून एक फेज काढून तपासून घ्यावे. डब्यावर नाव लिहिले म्हणजे काम झाले असे नव्हे.

फेज नेहमी वरूनच जातो असेही नाही. पुष्कळ वेळा तो आपल्याच पेटीत जातो. किटकॅट फ्यूजमधली एक तार वितळते, कॉन्टॅक्टरचा एक टिकली-पॉइंट खातो, स्क्रू ढिला पडून तार काळी पडते. फ्यूज एकच उडाला की उरलेले दोन मोटारीला जाळायला मोकळे होतात. म्हणून फ्यूज हे मोटारीचे रक्षण आहे ही समजूत अर्धीच खरी आहे. फ्यूज आगीपासून आणि शॉर्टपासून वाचवतो, मोटारीचे रक्षण रिले करतो. आणि फ्यूजच्या जागी केबलची जाड तार पिळून घालणाऱ्याला दोन्हींपैकी काहीच मिळत नाही.

रिले किती अँपिअरवर लावायचा? तीन फेजच्या मोटारीला एका एच.पी.मागे साधारण दीड अँपिअर धरावा. ५ एच.पी.ला साडेसात, १० एच.पी.ला सुमारे १४. नेमका आकडा मोटारीच्या पाटीवर असतो, तोच प्रमाण. लहान मोटारीच्या साध्या स्टार्टरमध्ये रिले त्या आकड्यावर लावतात. मोठ्या मोटारीला स्टार-डेल्टा स्टार्टर असतो आणि त्यात रिले बहुधा वायंडिंगच्या तारेत बसवलेला असतो. तिथे तो पाटीवरच्या आकड्याच्या ५८ टक्क्यांवर, म्हणजे १४ अँपिअरच्या मोटारीला ८ च्या आसपास लावायचा. हे माहीत नसल्यामुळे पुष्कळ रिले थेट १४ वर असतात. मग ते असून नसल्यासारखेच. रिले वारंवार पडतो म्हणून काटा वर सरकवणे म्हणजे कुत्रा भुंकतो म्हणून त्याचे तोंड बांधण्यासारखे आहे.

दुसरी एक खोड बोलून दाखवलीच पाहिजे. एकच फेज पूर्ण ताकदीने असताना कंडेन्सरचा डबा लावून मोटार ओढायची. चालते, पाणीही येते. पण तो तिसरा फेज नकली असतो, भार बदलला की त्याचा तोल जातो, आणि वायंडिंगबरोबर डीपीचाही एक पाय जास्त तापतो. चार तासांच्या पाण्यासाठी सगळ्या शेजाऱ्यांचे पाणी पंधरा दिवस बंद पाडायची ही युक्ती आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

डीपीचा हिशेब तर प्रत्येकाने एकदा करून पाहण्यासारखा आहे. ६३ के.व्ही.ए.ची डीपी एका फेजवर साधारण ८४ अँपिअर देऊ शकते. तिच्यावर ५ एच.पी.चे दहा पंप असले तर ७५ अँपिअर होतात, म्हणजे बसते. पण मोटार थेट सुरू होताना पहिले काही क्षण सहापट प्रवाह ओढते. दहाही पंपांना ऑटो स्विच लावलेला असेल, तर रात्री वीज येताच दहाही मोटारी एकाच क्षणी उठतात आणि डीपीवर साडेचारशे अँपिअरचा धक्का बसतो. फ्यूज टिकला तर व्होल्टेज इतके पडते की एकही मोटार धड वेग घेत नाही. महावितरणही ऑटो स्विच काढा असे सांगत आले आहे. रात्री उठून नदीवर जाण्याचा त्रास, सापाविंचवाची भीती आम्हालाही माहीत आहे. निदान एका डीपीवरच्या लोकांनी एकत्र बसून स्विचला वेगवेगळा टायमर लावावा, म्हणजे मोटारी दोन-दोन मिनिटांच्या अंतराने उठतील. जोडीला प्रत्येकाने कपॅसिटर बसवावा. ५ एच.पी.ला २ के.व्ही.ए.आर.चा कपॅसिटर लावला की तारेतला प्रवाह साडेसातवरून सव्वासहाच्या आसपास येतो. दहा पंपांचे मिळून बारा अँपिअर वाचले, म्हणजे जवळजवळ दोन पंपांची जागा. कपॅसिटर बंद केल्यावरही काही वेळ भरलेला असतो, त्याला लगेच हात लावू नये.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमुळे आपल्याकडे पंप नदीकाठी आणि डीपी वर रानात, असे अंतर पडते. तिथे केबल बारीक घालणे महागात जाते. १० एच.पी.ची मोटार डीपीपासून ३०० मीटरवर आहे आणि ६ चौरस मिलिमीटरची अॅल्युमिनियम केबल घातली, तर वाटेतच सुमारे २९ व्होल्ट खर्च होतात. १६ चौरस मिलिमीटरची घातली तर ११. मुळात डीपीवरच ३८० असतील, तर पहिल्या केबलवर मोटारीला ३५० च मिळतात. मोटारीची ओढ व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणून ४१५ च्या जागी ३५० मिळाले की ताकद तीस टक्क्यांच्या जवळपास कमी होते आणि मोटार ती भरून काढायला जास्त प्रवाह ओढते. सगळ्या वेटोळ्यांचा सारखा काळा रंग यातूनच येतो. अॅल्युमिनियमच्या तारेला लग दाबूनच जोड द्यावा. नुसते पीळ मारून पट्टी गुंडाळलेला जोड पावसाळ्यात हिरवा-पांढरा होतो आणि फेज तिथेच जातो.

मोटार उलटी फिरली तर तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करावी, ती सुलटी होते. पण उलटी फिरते हे ओळखावे लागते. सेंट्रिफ्यूगल पंप उलटा फिरूनही थोडे पाणी देतो, म्हणून माणूस फसतो आणि फूट-व्हॉल्व्हला दोष देतो. वरच्या लाइनचे काम झाल्यावर एखाद्या दिवशी डीपीवरच्या सगळ्यांचेच पाणी कमी झाले, तर वर तारा बदलल्या गेल्या आहेत असे समजून महावितरणला कळवावे, सगळ्यांनी आपापल्या पेट्या उघडत बसू नये. चरक्याच्या किंवा कडबाकुट्टीच्या मोटारीचा पट्टा चढवण्याआधी मोटार मोकळी फिरवून दिशा पाहून घ्यावी.

आता अर्थिंग. इथे प्रश्न मोटारीचा नसून माणसाचा आहे. ओल्या काठावर, अनवाणी, एक हात पंपावर ठेवून उभा असलेला माणूस विजेला सर्वांत सोपी वाट असतो. तीन फेजच्या मोटारीच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र अर्थ द्यावेत असा नियम आहे, एक तुटला तरी दुसरा राहावा म्हणून. आपल्याकडे अनेक ठिकाणी एकही नसतो, किंवा असतो तो वीतभर गज ठोकून त्याला गुंडाळलेली बारीक तार. अशा अर्थचा रोध ५० ओहम धरला, तर मोटारीत फेज सांगाड्याला लागल्यावर त्यातून २४० भागिले ५०, म्हणजे पाच अँपिअरसुद्धा जात नाहीत. पंधरा अँपिअरचा फ्यूज कशाला उडेल? सांगाडा तसाच जिवंत राहतो आणि सकाळी पाणी फिरवायला आलेल्याची वाट पाहतो. म्हणून चांगला खोल पाइप किंवा प्लेट, भोवती कोळसा-मीठ, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी. शिरोळकडच्या काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात, पन्हाळा-शाहूवाडीकडे तांबडी मुरमाड जमीन आहे; दोन्हीकडे कोरड्या दिवसांत अर्थ हलका होतो. न्यूट्रललाच अर्थ समजून सांगाड्याला जोडणे तर कधीच करू नये. वर न्यूट्रल तुटला की आख्खा पंप जिवंत होतो.

याच्या जोडीला गळती ओळखणारा चार पोलचा ब्रेकर बसवावा. माणसाच्या रक्षणासाठी तो ३० मिलिअँपिअरचा असतो. जुनी केबल थोडी गळत असेल तर तो सारखा पडतो, मग कुणीतरी त्याला बगल देऊन तारा जोडून टाकतो. ब्रेकर पडतो याचा अर्थ केबल गळते आहे, म्हणून दुरुस्त करायची ती केबल.

जोडणीच्या कागदांविषयी थोडक्यात. परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल घेताना अर्थ आणि इन्सुलेशनची मापे त्यात खरोखर भरलेली आहेत का ते पाहा, नुसता शिक्का घेऊन येऊ नका. शेतीपंपाच्या जोडणीवर पिठाची गिरणी किंवा वेल्डिंगचे दुकान चालवू नये. २००३ च्या वीज कायद्याचे कलम १२६ अशा वापराला लागू होते आणि आकारणी दुप्पट दराने होते. त्यासाठी वेगळी जोडणी मागावी. एकाच जागी दिवे, पंखे, एकफेजी यंत्रे असतील तर ती तिन्ही फेजवर वाटून लावावीत.

शेवटी पुराचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या काठचे पंप, पेट्या सगळे पाण्याखाली गेले. पाणी चढायला लागले की मोटारी काढायची धांदल उडते. मुख्य स्विच पाडून, तिन्ही फ्यूजच्या कॅरियर काढून स्वतःच्या खिशात घालूनच पाण्यात उतरावे. “वीज गेली आहे” या भरवशावर नको, ती कधीही परत येते. ज्यांची पेटी काठावर खाली आहे त्यांनी ती पूररेषेच्या वर, खांबावर घ्यावी. पूर ओसरल्यावर बुडालेली मोटार लगेच चालू करू नये. गाळ स्वच्छ पाण्याने धुऊन ती उघडावी, सावकाश वाळवावी आणि ५०० व्होल्टच्या मेगरने वायंडिंग व सांगाडा यांमधला रोध पाहावा. निदान एक मेगओहम दाखवला तरच ती जोडावी. कमी दाखवला तर आणखी दोन दिवस वाळवून पुन्हा मोजावे. पुरात बुडालेले स्टार्टर आणि कपॅसिटर मात्र वाळवून वापरू नयेत, बदलावेत. केबलचे काठावरचे जोड कापून नवे करावेत.