दुकानाच्या पाटीविषयी

चि. बाळ यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. दाजींच्या पश्चात सायकलचे दुकान नेटाने चालविण्याचे तू मनावर घेतलेस, हे वाचून चित्त निश्चिंत झाले. परंतु १९६२ च्या चिनी आक्रमणापासून लोकांच्या मनात सैनिकाविषयी जी कृतज्ञता दाटून आली आहे, तिचा लाभ घेऊन पाटीवर दाजींची पदके रंगवावीत आणि दुकानाच्या नावात ‘जवान’ हा शब्द घालावा, असा जो बेत तू कळवितोस, त्याविषयी स्पष्ट लिहिणे मला प्राप्त आहे. तसे करू नकोस.

दाजी इटलीत लढले ते आठव्या हिंदी डिव्हिजनमधील पहिल्या मराठा पलटणीतून. लढाईचा विषय निघाला की ते एकच हकीकत सांगत, आणि तीही दुसऱ्याची: १९४५ च्या एप्रिलात, नऊ तारखेस, सेनिओ नदी ओलांडताना त्यांच्याच पलटणीतील निरोप्या शिपाई नामदेव जाधव, आपल्या नगर जिल्ह्यातील निमजचे, यांनी दोघा जखमींना एकामागून एक खोल पाण्यातून, निसरड्या बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून वाहून सुरक्षित जागी नेले, मग एकट्याने उलट फिरून मशीनगनच्या तीन ठाण्यांवर चाल केली, आणि हाताला जखम होऊन बंदूक चालेनाशी झाली तेव्हा ती टाकून देऊन हातगोळ्यांनी काम पुरे केले. जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दाजींच्या दंडावरील व्रण कोणत्या नदीकाठचा, हे मात्र तुझ्या आईलाही कधी कळले नाही. ज्या पुरुषाने आपला पराक्रम घरातसुद्धा बोलून दाखविला नाही, त्याचा तो पराक्रम बाजारपेठेत टांगण्याचा अधिकार, पुत्र झाला तरी, तुला पोचत नाही, असे माझे ठाम मत आहे.

युद्ध संपताच हजारो शिपायांबरोबर त्यांचेही नाव कमी झाले. पेन्शनीस पात्र ठरण्याइतकी नोकरी भरली नव्हती. कचेरीत शिपायाची जागा मिळवून देण्याची खटपट मी केली होती, पण पलटणीच्या मोटारखात्यात पाना धरण्याची सवय लागलेल्या त्या हातांना फायली उचलणे रुचले नाही. त्यांनी चार जुन्या सायकली भाड्याने लावण्यासाठी घेतल्या आणि मोटार-स्टँडाजवळ दुकान मांडले. तेथे बसून त्यांचे काम मी पुष्कळदा पाहिले आहे. ट्यूब घमेल्यातील पाण्यात तसूतसूने फिरवून बुडबुडा दिसताच ते तेथे खूण करीत, रबर कानशीने खरडीत, सोल्युशन लावल्यावर ते पुरते सुकेपर्यंत गिऱ्हाइकाने कितीही घाई केली तरी ठिगळ चिकटवीत नसत. आणि ठिगळावर ठिगळ मारण्याची वेळ आली की, “ही ट्यूब संपली, पैसे फुकट घालवू नका,” असे सांगून काहीएक न घेता परत देत. चाकाचा आउट काढताना त्यांची मान जी एका बाजूला कलत असे, ती रिम रेसभरही हलेनाशी होईपर्यंत सरळ होत नसे. तालुक्यातील शिक्षक, तलाठी, दूधवाले त्यांच्याकडे येत ते या कारणाने. यांपैकी निम्म्यांना ते लढाईवर गेले होते हे ठाऊकही नसेल.

तेव्हा पाटी आहे ती राहू दे. फार तर रंग उडाला असेल तेथे तो पुन्हा दे. वहीतील येणे सुगीपर्यंत थांबवावे, तगाद्यासाठी कोणाच्या दारी जाऊ नये. भाड्याची सायकल परत आली की ब्रेक आणि छर्रे स्वतः तपासल्याखेरीज दुसऱ्यास देऊ नकोस. हे काम पोऱ्यावर सोपविशील तर एखाद्या दिवशी उतारावर कोणाचे तरी लेकरू जायबंदी होईल.

पदके तुझ्या आईच्या स्वाधीन कर. तिच्या मदतीच्या अर्जासाठी दाजींचा डिस्चार्जचा कागद जिल्हा सोल्जर्स बोर्डाकडे दाखल करावा लागेल. अस्सल कागद कोणाच्याही हाती न देता मामलेदारांकडून नक्कल साक्षांकित करून घ्यावी, आणि अर्जाचा मसुदा आधी मजकडे पाठवावा, म्हणजे मी तो तपासून उलट टपाली धाडीन.

तुझा
मामा