डेलिया : फुलाइतकाच कंदही जपा

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. त्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. तरीही बागेची हौस या भूमीला नवी नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसलेल्या या शहराच्या परिसरात निजामशाहीने बागा उठविल्या, दूरचे पाणी खापरी नळांनी शहरात आणले आणि १५८३ च्या सुमारास पाण्याने वेढलेला फराहबक्ष महाल पूर्ण केला. अलीकडच्या काळात याच जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविण्याचा परिपाठ घालून दिला. पाण्याचा हिशेब आधी व पीक नंतर, हाच येथील शेतीचा धडा आहे.

या हिशेबात फुलशेती चांगली बसते. नगर तालुक्यातील अकोळनेरसारख्या गावांनी शेवंतीच्या फुलांवर नाव मिळविले आहे. अशा बागायतदारांना, तसेच अंगणात चार वाफे राखणाऱ्या गृहिणींना, शेवंतीच्याच कुळातील आणखी एका फुलाचा परिचय करून द्यावा, हा या लेखाचा हेतू आहे. हे फूल म्हणजे डेलिया, आणि त्यातही चेंडूच्या आकाराचा, म्हणजे ‘बॉल’ प्रकारचा डेलिया.

मूळ आणि स्वभाव

डेलिया मूळचा मेक्सिको व ग्वाटेमाला या देशांतील डोंगराळ पठारांवरचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याचे बी स्पेनमधील माद्रिद येथील वनस्पती उद्यानात पोहोचले. लिनियसचा शिष्य असलेल्या आंद्रेआस डाल या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ १७९१ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. १९६३ मध्ये मेक्सिकोने त्याला राष्ट्रीय फुलाचा मान दिला.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे, की त्यातूनच झाडाचा स्वभाव कळतो. मूळ प्रदेशात पावसाळ्यात वाढावे, थंड रात्री फुलावे आणि कोरड्या ऋतूत जमिनीखाली कंदाच्या रूपाने विश्रांती घ्यावी, असा त्याचा क्रम आहे. आपल्याकडे दख्खनच्या पठारावर हिवाळ्यातील थंड रात्री व स्वच्छ ऊन त्याला मानवते. उन्हाळ्याची काहिली आणि साचलेले पाणी या दोन गोष्टी मात्र त्याला सोसत नाहीत.

बॉल प्रकारातील फूल भरगच्च व गोल असते. त्याच्या पाकळ्यांच्या कडा आत वळलेल्या, टोके बोथट आणि मांडणी चक्राकार असते. याच घडणीची, परंतु सुमारे ५ सेंटिमीटरपर्यंतच्या व्यासाची फुले ‘पॉम्पॉन’ म्हणून ओळखली जातात. त्याहून मोठी ती बॉल. ताटाएवढ्या फुलांचे डेलिया प्रदर्शनात शोभतात, परंतु वाऱ्याने मोडतात व वाहतुकीत चुरगळतात. बॉल प्रकाराच्या पाकळ्या टणक असल्याने तो बागेच्या कडेलाही टिकतो आणि दांड्यासह विक्रीलाही सोयीचा पडतो.

जमीन आणि लागवड

जिल्ह्यातील भारी काळ्या जमिनीत पाणी धरून राहते, म्हणून सुमारे ३० सेंटिमीटर उंचीचे गादीवाफे करावेत. त्यात पोयटा, जाड वाळू व चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. चुनखडीच्या जमिनीत कोवळी पाने पिवळी पडण्याचा संभव असतो. तेथे अंगणातील लागवड कुंड्यांत करणे श्रेयस्कर. ताजे शेणखत व नत्राचा अतिरेक टाळावा. नत्र जास्त झाल्यास झाड माजते, दांडे पोकळ राहतात आणि कंदही नीट टिकत नाहीत.

लागवड दोन प्रकारे करता येते. पहिल्या प्रकारात कंदांचा झुपका कापून वेगळा करतात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डेलियाचा डोळा रताळ्याप्रमाणे कंदाच्या अंगावर नसतो. तो जुन्या खोडाच्या बुडाशी, कंदाच्या मानेजवळ असतो. म्हणून प्रत्येक कंदाबरोबर खोडाचा डोळा असलेला तुकडा येणे अवश्य आहे. नुसता कंद, कितीही गुबगुबीत असला तरी, फुटत नाही.

दुसरा प्रकार फाटे कलमांचा. ऑगस्टअखेर कंद ओलसर वाळूत अर्धवट पुरून उगवू द्यावेत. फुटवे ७ ते १० सेंटिमीटर झाले, की पेऱ्याच्या खाली कापून सावलीत वाळूमध्ये लावावेत. दोन ते तीन आठवड्यांत मुळे फुटतात. एका कंदापासून अनेक रोपे मिळत असल्याने विक्रीसाठी हीच पद्धत परवडते.

मुख्य लागवड पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत करावी. यापेक्षा उशीर करू नये. दिवस लहान होऊ लागले, की हे झाड आपली शक्ती कंद भरण्याकडे वळविते. तोपर्यंत पुरेशी वाढ झालेली नसेल तर फुले थोडी व दांडे आखूड मिळतात. दोन ओळींत ६० व दोन रोपांत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवल्यास, वाटा सोडून, एका गुंठ्यात सुमारे ३०० रोपे बसतात.

मशागत

रोप २५ ते ३० सेंटिमीटर उंचीचे झाले, की शेंडा खुडावा, म्हणजे बगलफुटी वाढतात. प्रत्येक झाडाला बांबूची काठी देऊन सुतळीने सैल बांधावे. काठी लागवडीच्या वेळीच रोवावी. मागाहून ठोकल्यास कंदाला इजा होते.

दांड्याच्या टोकाला बहुधा तीन कळ्या येतात. विक्रीसाठी मधली ठेवून बाजूच्या दोन लहान असतानाच काढाव्यात. केवळ शोभेसाठी लावलेल्या कडेच्या ओळीत हा खटाटोप करण्याचे कारण नाही. फक्त सुकलेली फुले वेळच्या वेळी खुडावीत.

पाणी ठिबकने द्यावे व वाफ्यावर पाचटाचे आच्छादन करावे. उसाच्या या जिल्ह्यात पाचटाला तोटा नाही. ते जाळण्याऐवजी वाफ्यावर पसरल्यास ओल टिकते आणि तणही कमी होते. थंडीत भुरी दिसल्यास पाण्यात मिसळणाऱ्या गंधकाची, तर मावा व फुलकिडे यांसाठी ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी करावी. फेब्रुवारीत ऊन वाढताच पानांच्या खाली लाल कोळी दिसू लागतो, तिकडे लक्ष असावे. पाने चुरडून त्यांवर पिवळट चट्टे पडलेले झाड विषाणूग्रस्त समजून उपटून नष्ट करावे. त्याचा कंद किंवा कलम मोहापायी ठेवू नये. रोग त्यांतूनच पुढच्या वर्षी येतो.

काढणी आणि बाजार

डेलियाची घट्ट कळी तोडल्यावर उमलत नाही. म्हणून फूल जवळजवळ पूर्ण उमलल्यावर, परंतु मागील पाकळ्या ताठ असतानाच, पहाटे तोडावे. दांडे लगेच स्वच्छ पाण्यात ठेवावेत. त्यांची टोके सुमारे ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात बुडवून ते पाणी निवेपर्यंत तशीच ठेवल्यास फुले अधिक टवटवीत राहतात. फुलदाणीत ती साधारणपणे चार ते सहा दिवस टिकतात.

यावरून बाजाराची मर्यादाही स्पष्ट होते. शेवंतीप्रमाणे हे फूल पाटीत भरून वजनावर विकण्याचे नाही. हाराला त्याचा उपयोग थोडा. पुष्पगुच्छ, समारंभाची सजावट व हॉटेले हीच त्याची गिऱ्हाइके. नगर शहर, शिर्डी आणि फार तर सुमारे १२० किलोमीटरवरील पुणे, एवढाच पल्ला प्रारंभी धरावा. लागवडीपूर्वी दोन-तीन पुष्पगुच्छ विक्रेत्यांशी बोलून घ्यावे. शेवंतीचे क्षेत्र मोडून डेलिया लावू नये. शेवंतीच्या कडेने एक गुंठा लावून पाहावा.

खरी कसोटी उन्हाळ्याची

या पिकाचा नफा-तोटा मात्र जानेवारीतील फुलांपेक्षा मे महिन्यातील कंदांवर ठरतो. थंड देशांत बर्फापासून वाचविण्यासाठी कंद काढतात. आपल्याला तो उन्हाळा व त्यामागून येणारा पावसाळा यांपासून वाचवावयाचा असतो. तो गमावल्यास दरवर्षी नवी रोपे विकत घ्यावी लागतात.

प्रस्तुत लेखकाने हा धडा पदरमोड करून घेतला आहे. काही वर्षांपूर्वी अंगणात बारा कंद लावले होते. जानेवारीत येणारे-जाणारे फाटकाशी थांबून फुले पाहत. मार्चमध्ये कंद काढले, धुतले आणि ओलसर असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवले. जूनमध्ये पिशवी उघडली तेव्हा नऊ कंदांचा लगदा झालेला होता. उरलेल्या तिघांपैकी एकाचीच मान शाबूत होती.

योग्य रीत अशी : फुले संपल्यावर पाणी हळूहळू तोडावे. पाने पिवळी पडल्यावर खोड जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटरवर कापावे व आठवडाभराने झुपका अलगद खणून काढावा. खोडाला धरून ओढू नये, कारण मान पिचलेला कंद वाया जातो. दोन-तीन दिवस सावलीत सुकवून, जखमांवर गंधकाची भुकटी लावून, कंद मातीच्या कुंडीत अथवा लाकडी खोक्यात किंचित ओलसर वाळूच्या किंवा नारळाच्या भुशाच्या थरांत ठेवावेत. जातीच्या नावाची चिठ्ठी प्रत्येक झुपक्याला बांधावी.

जागा अंधारी, हवेशीर व घरातील सर्वांत गार असावी. जिल्ह्यातील जाड भिंतींच्या जुन्या माळवदी घरांतील आतली खोली यासाठी उत्तम. पत्र्याखाली ते कदापि ठेवू नयेत. दर पंधरा दिवसांनी पाहणी करून सडलेला कंद काढून टाकावा आणि सुरकुतलेल्यांवर पाण्याचा हलका शिडकावा द्यावा. सगळे कंद एकाच ठिकाणी न ठेवता निम्मे वाळूत व निम्मे कुंड्यांतच, सावलीत, जेमतेम ओलीवर राखल्यास एक उपाय फसला तरी बियाणे हाती राहते.

राहुरी येथे १९६८ मध्ये स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ, तसेच बाभळेश्वर व दहिगाव-ने येथील कृषी विज्ञान केंद्रे जिल्ह्यातच आहेत. माती परीक्षण व रोगनिदान यांसाठी शेतकऱ्यांनी त्यांचा सल्ला अवश्य घ्यावा. पहिल्या वर्षी दहा-बारा झाडेच लावावीत. पुढच्या ऑगस्टमध्ये त्यांतील किती कंद फुटले, हे मोजावे आणि त्या आकड्यावरूनच लागवड किती वाढवावयाची ते ठरवावे.